लॉसलेस गाणी खिशातल्या प्लेअरवर: फाइलपासून हेडफोनपर्यंत

सीडीवरच्या संगीताचा एक सेकंद म्हणजे डाव्या बाजूची ४४,१०० सॅम्पल, तेवढीच उजव्या बाजूची, आणि प्रत्येक सॅम्पल १६ बिटांचं. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. चार मिनिटांचं गाणं असं जसंच्या तसं वेव्ह फाइलमध्ये ठेवलं तर साधारण ४२ एमबी जागा खातं. तेच गाणं ३२० केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ३२० हजार बिटांच्या, एमपीथ्रीत साडेनऊ एमबीत मावतं, कारण कानाला जाणवणार नाही असा हिशेब करून एमपीथ्रीत बराच भाग टाकून दिलेला असतो. टाकलेलं पुन्हा मिळत नाही. लॉसलेस फॉरमॅट काहीच टाकत नाही, फक्त घडी घट्ट घालतो. फ्लॅक या लॉसलेस फॉरमॅटमध्ये हे गाणं २५ एमबीच्या आसपास येतं, आणि वाजवताना घडी उलगडली की ४२ एमबीतला प्रत्येक बिट जागच्या जागी असतो.

'लॉसलेस' या शब्दाची हमी इथेच संपते. घडीत मुळात काय घातलं होतं आणि उलगडल्यावर प्लेअर त्याचं काय करतो, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. अडचणी बहुतेक वेळा तिथेच येतात.

घडी घालतात ती कशी

ध्वनीची लहर एका सॅम्पलवरून दुसऱ्यावर जाताना सहसा मोठी उडी मारत नाही. समजा लागोपाठची पाच सॅम्पल अशी आहेत: १०००, १०४०, १०७९, ११२०, ११५९. आता एक साधा नियम धरा: आधी जेवढी वाढ झाली तेवढीच पुढेही होईल. १००० नंतर १०४० आलं, तर पुढचं १०८० असेल असा अंदाज. प्रत्यक्षात १०७९ आहे, चूक उणे १. त्यापुढचा अंदाज १११८, प्रत्यक्षात ११२०, चूक अधिक २. त्यापुढचा ११६१, प्रत्यक्षात ११५९, चूक उणे २. पहिली दोन सॅम्पल आणि नियम लिहून ठेवला की बाकीच्यांसाठी एवढ्याशा चुकाच लिहायच्या. चार आकडी संख्येला लागणारे बिट वाचतात आणि मूळ संख्या कधीही तंतोतंत परत काढता येते. फ्लॅक हेच करतं, फक्त अंदाज बांधायचे नियम याहून बरेच हुशार असतात आणि काम साधारणपणे ४,०९६ सॅम्पलांच्या एकेका तुकड्यावर चालतं.

हे एकदा ध्यानात आलं की बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला किती बिट लागतात त्या आकड्याची भीती जाते. गोंगाटी, सतत मोठ्या आवाजात मिक्स केलेल्या गाण्यात अंदाज सारखा चुकतो, म्हणून त्याची फ्लॅक फाइल १००० केबीपीएसच्या घरात जाते. एकट्या पियानोची शांत रचना ५०० मध्ये बसते. जुनं मोनो ध्वनिमुद्रण सीडीवर दोन बाजूंनी सारखंच नोंदलेलं असतं. फ्लॅक दोन्ही बाजूंमधला फरक काढून पाहतं, तो शून्य निघतो आणि अर्धं ओझं तिथेच उतरतं. अशा फाइलवर ३५० केबीपीएस दिसलं की 'ही खोटी फ्लॅक आहे' असं म्हणून लोक ती पुसून टाकतात. कृपा करून असं करू नका. लॉसलेस फाइलचा बिटरेट संगीत किती गुंतागुंतीचं आहे ते सांगतो. दर्जाशी त्याचा संबंध नाही.

फ्लॅक बनवताना ० ते ८ असे स्तर निवडता येतात, नेहमीचा ५. आवाज सगळ्यांत अगदी एकच. ८ वर फाइल जेमतेम एखाद्या टक्क्याने लहान होते आणि संगणकाला जास्त वेळ लागतो. उलगडण्याचं काम मात्र प्लेअरला जवळपास सारखंच पडतं, त्यामुळे ५ वर ठेवा आणि विसरून जा.

प्लेअरला काय झेपतं

फ्लॅकची १.० आवृत्ती २००१ मध्ये आली. जोश कोल्सन यांनी ती घडवली, २००३ पासून झिफ फाउंडेशन सांभाळतं, आणि फॉरमॅट पहिल्यापासून सगळ्यांना खुला असल्याने आज तो न वाजवणारे प्लेअर थोडेच उरले आहेत. त्यातला ठळक अपवाद म्हणजे जुने आयपॉड. त्यांच्या मूळ फर्मवेअरला, म्हणजे प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरला, फ्लॅक कळत नाही, अ‍ॅपलचं स्वतःचं लॉसलेस, म्हणजे अलॅक कळतं. फ्लॅकचं अलॅक आणि अलॅकचं फ्लॅक करताना काहीही गमावत नाही, कितीही वेळा करा. एवढंच लक्षात ठेवा की अलॅकची फाइल आणि नुकसान करणाऱ्या एएसीची फाइल, दोन्हींचं शेपूट 'एमफोरए' हेच असतं. नाव पाहून ओळखता येत नाही, फाइलच्या तपशिलात कोडेक, म्हणजे आवळण्याची पद्धत, कोणता लिहिला आहे ते पाहावं लागतं. दुसरा मार्ग रॉकबॉक्सचा. हे मोफत, मुक्त फर्मवेअर अनेक जुन्या प्लेअरवर बसवता येतं आणि मग त्यावर फ्लॅक, अलॅक, वेव्हपॅक सगळं चालतं.

मंकीज ऑडिओ, म्हणजे एपीई, मात्र प्लेअरसाठी टाळलेलाच बरा. त्यात घडी घालायला जेवढी मेहनत पडते तेवढीच उलगडायलाही पडते. 'एक्स्ट्रा हाय' किंवा 'इन्सेन' स्तरावर केलेली फाइल छोट्या प्रोसेसरच्या प्लेअरवर अडखळते, बॅटरीही भराभर उतरते. फ्लॅकमध्ये बदलून घ्या, त्यातही काही गमावत नाही. वेव्ह फाइल जवळपास सगळीकडे वाजते, पण तिच्यातले टॅग, म्हणजे गाण्याचं नाव, गायक अशी माहिती, प्रत्येक प्लेअर वेगळ्या तऱ्हेने वाचतो किंवा वाचतच नाही. जागा जास्त खाऊन वर नावगाव नाही, असा तोट्याचा व्यवहार.

प्लेअरच्या माहितीपत्रकात फॉरमॅटच्या नावापुढचे दोन आकडे पाहा: बिट डेप्थ (एका सॅम्पलचे बिट) आणि सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती सॅम्पल). 'फ्लॅक चालतं' याचा अर्थ काही प्लेअरमध्ये १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंत, एवढाच असतो. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल दिली की ते 'फॉरमॅट चालत नाही' असं सांगतात किंवा गाणं गुपचूप ओलांडून पुढे जातात. २०२२ मध्ये आलेल्या फ्लॅक १.४.० पासून ३२ बिटांच्या फाइलही बनवता येतात. जुन्या डिकोडरना त्या उघडत नाहीत.

मग २४ बिट हवंच का? १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळतं, आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या रेटमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर साठवता येतात. माणसाचा कान २० च्या पुढे ऐकत नाही आणि वयाबरोबर ही हद्द खाली येते. ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करणाऱ्यांना जास्तीच्या बिटांचा खरा उपयोग असतो, त्यांना हाताळायला वाव मिळतो. चालता-फिरता ऐकताना २४/१९२ ची फाइल जागा कित्येक पटींनी जास्त घेते आणि बदल्यात कानाला काही देत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. मूळ फाइल घरच्या डिस्कवर जपा, प्लेअरसाठी १६/४४.१ किंवा १६/४८ ची प्रत काढा. ८८.२ आणि १७६.४ चं ४४.१ करा, ९६ आणि १९२ चं ४८. बिट कमी करताना डिदरचा, म्हणजे किंचित यादृच्छिक आवाज मिसळण्याचा, पर्याय चालू ठेवा, म्हणजे अगदी हळू भागात खरखरीत विकृती येत नाही.

घडीत काय घातलंय

एमपीथ्रीचं फ्लॅक केलं तर फाइल फुगते, गाणं सुधारत नाही. अशी फाइल पकडायला स्पेक किंवा ऑडॅसिटीमध्ये स्पेक्ट्रोग्राम उघडा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर स्वरांची उंची. सीडीवरून काढलेल्या बहुतेक फाइलमध्ये झांजेचे, 'स'काराचे ठिपके वर २१-२२ किलोहर्ट्झपर्यंत पसरलेले दिसतात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीतून आलेल्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या जवळ सुरीने कापल्यासारखी सरळ आडवी रेघ असते आणि वर काळोख. ३२० मधून आलेली असेल तर ही रेघ साधारण २० वर असते, आणि तिथे निर्णय करणं अवघड जातं. जुन्या टेपवरच्या मुद्रणातही वरचा भाग रिकामाच असतो, पण तिथे रंग हळूहळू विरत जातो. रेघ कापलेली आहे की विरलेली, हे पाहायचं.

स्वतःच्या सीडी रिप करत, म्हणजे त्यांच्यावरची गाणी संगणकावर फाइल करून घेत असाल तर विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे भरवशाचं साधन आहे. ते शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि शेवटी तुमच्या रिपचा चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, अ‍ॅक्युरेटरिपच्या साठ्यातल्या इतरांच्या चेकसमशी ताडून पाहतं. त्याच सीडीच्या इतरांच्या रिपशी आकडा जुळला, तर तुमच्या ड्राइव्हने चूक केलेली नाही असं समजायला हरकत नाही. ओरखडे पडलेली सीडी साध्या पद्धतीने भरभर रिप केली तर ड्राइव्ह न वाचलेल्या जागा अंदाजाने भरून काढतो. मग तिथे होणारी टिकटिक फ्लॅकमध्ये इमानदारीने कायमची जपली जाते.

कार्ड

पन्नास मिनिटांचा अल्बम फ्लॅकमध्ये साधारण ३२० एमबी होतो. १२८ जीबीच्या कार्डावर असे चारशेच्या आसपास अल्बम मावतात. कार्डाच्या वेगावर जास्त पैसे घालवू नका. २४/१९२ ची वेव्ह फाइलसुद्धा सेकंदाला सव्वा एमबीहून कमी मागते, आणि क्लास १० चं साधं कार्ड निदान १० एमबीच्या वेगाने लिहितं. वेगवान कार्ड फक्त संगणकावरून भरताना वेळ वाचवतं.

३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ या फाइल-मांडणीत येतात, ६४ आणि त्यापुढची एक्सफॅटमध्ये. जुन्या प्लेअरला एक्सफॅट कळत नाही आणि तो 'कार्ड नाही' असं सांगतो. तेच कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं की बऱ्याचदा चालू लागतं. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय देत नसेल तर त्यासाठी वेगळं छोटं साधन घ्यावं लागतं. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. फ्लॅकच्या गाण्याला ही मर्यादा कधी नडत नाही, पण २४/१९२ ची अखंड वेव्ह फाइल तासाभरात तिथे पोचते.

नवीन कार्ड आणलं की गाणी भरण्याआधी ते पूर्ण तपासा, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यूने, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्रीने. बनावट कार्ड संगणकाला ५१२ जीबी म्हणून सांगतं आणि आत ३२ असतात. पहिले अल्बम सुरेख वाजतात, पुढचे अर्ध्यात तुटतात किंवा उघडतच नाहीत, आणि दोष प्लेअरला जातो. ही चाचणी मोठ्या कार्डावर काही तास चालते, रात्री लावून ठेवावी.

जुन्या हार्डडिस्कच्या प्लेअरमध्ये बॅटरी लवकर संपते त्यामागेही लॉसलेस असतं, पण डिकोड करण्याचं काम त्याला कारण नसतं. समजा प्लेअरमध्ये ३२ एमबीचा बफर, म्हणजे गाणी आगाऊ वाचून ठेवायची मेमरी, आहे. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीने तो भरला तर ३३ मिनिटं पुरतो आणि तोवर डिस्क झोपून राहते. ९०० केबीपीएसच्या फ्लॅकने भरला तर पावणेपाच मिनिटांत रिकामा होतो आणि डिस्कला पुन्हा फिरावं लागतं. आत फ्लॅश किंवा कार्ड असेल तर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो.

गाणी भरताना शक्य असेल तर कार्ड काढून रीडरमध्ये घाला. प्लेअर केबलने जोडून एमटीपी पद्धतीने भरता येतं, पण ते संथ चालतं आणि मध्येच अडकलं तर अर्धवट फाइल मागे राहू शकते. मॅकवरून भरलं की डॉट आणि अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या छोट्या लपलेल्या फाइल कार्डावर तयार होतात. प्लेअर त्यांनाही गाणी समजतो, म्हणून प्रत्येक गाणं दोनदा दिसतं आणि त्यातलं एक वाजत नाही. मॅकच्या टर्मिनलमधली डॉट-क्लीन ही आज्ञा त्या साफ करते.

टॅग आणि मुखपृष्ठ

एकच अल्बम यादीत दहा तुकड्यांत फुटलेला दिसतो तेव्हा 'अल्बम आर्टिस्ट' हा टॅग रिकामा असण्याची शक्यता सर्वांत जास्त. प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा, म्हणून प्लेअर प्रत्येकाचा वेगळा अल्बम करतो. सगळ्या गाण्यांना अल्बम आर्टिस्ट एकच द्या, गायकांची नावं 'आर्टिस्ट'मध्ये राहू द्या. दोन सीडींचा अल्बम असेल तर डिस्क क्रमांक भरा, नाहीतर दोन्हींची पहिली गाणी लागोपाठ येतात. फाइलच्या नावात क्रमांक ०१, ०२ असा दोन अंकी ठेवा, कारण १ नंतर १० लावणारे प्लेअर अजूनही आहेत. फोल्डरमधून ऐकताना क्रम चुकत असेल तर तुमचा प्लेअर नावांप्रमाणे न लावता कार्डावर फाइल ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या तो क्रम पाळत असेल. फॅट कार्डांसाठी फॅटसॉर्ट नावाचं साधन तो क्रम नीट लावून देतं.

फ्लॅकचे टॅग स्वतःच्या पद्धतीचे आणि युनिकोडमध्ये असतात, त्यामुळे देवनागरी नावं त्यात व्यवस्थित बसतात. प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नसेल तर पडद्यावर चौकोन दिसतात, आणि फॉन्ट असूनही जोडाक्षरं मोडलेली दिसू शकतात. टॅग बिघडलेला नसतो. काही प्रोग्राम फ्लॅक फाइलच्या डोक्यावर एमपीथ्रीचा आयडीथ्री टॅग चिकटवतात. संगणक तो ओलांडून जातो, पण एखादा प्लेअर तिथेच अडतो आणि फाइल नाकारतो. टॅग संपादकात आयडीथ्री काढून फक्त फ्लॅकचे टॅग ठेवले की गाणं वाजतं.

मुखपृष्ठ ५०० बाय ५०० पिक्सेलचं साधं जेपेग ठेवा. प्रोग्रेसिव्ह जेपेग कित्येक प्लेअरना उघडता येत नाही आणि चित्राची जागा कोरी राहते. ८-१० एमबीचं चित्र प्रत्येक गाण्यात भरलेलं असेल तर गाणं सुरू व्हायला वेळ लागतो आणि पुढचं गाणं लावताना खंड पडतो.

वाजवताना

एकातून दुसऱ्यात वाहत जाणारी गाणी फ्लॅकमध्ये सलग वाजायला काहीच आडकाठी नसते, कारण फाइलची लांबी सॅम्पलपर्यंत अचूक नोंदलेली असते. तरीही मध्ये खंड पडत असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'गॅपलेस' बंद असेल किंवा फर्मवेअरला ते जमत नसेल. रिप्लेगेन वेगवेगळ्या अल्बमांचा आवाज सारख्या पातळीवर आणतं. ते फक्त टॅगमध्ये 'एवढे डेसिबल कमी करा' असं लिहितं, आवाजाच्या डेटाला हात लावत नाही. अल्बम अखंड ऐकत असाल तर 'अल्बम गेन' निवडा, म्हणजे हळू गाणं हळूच राहतं. 'ट्रॅक गेन' सरमिसळ ऐकताना वापरावं. इक्वलायझरमध्ये खर्ज ६ डेसिबल वाढवला तर प्रीअँप, म्हणजे एकूण पातळी, उणे ६ करा, नाहीतर मोठ्या जागी आवाज फाटतो.

ब्लूटूथवर मात्र स्वच्छ बोललं पाहिजे. सर्वत्र चालणारा एसबीसी चांगल्या सेटिंगवर सुमारे ३२८ केबीपीएस पाठवतो, एलडॅक जास्तीत जास्त ९९०, आणि दोन्ही नुकसान करणारेच कोडेक आहेत. प्लेअर फ्लॅक उलगडतो, पुन्हा नुकसानीने आवळतो आणि मग हवेतून पाठवतो. ऐकायला ते छान लागू शकतं, पण हेडफोनपर्यंत पोचलेलं लॉसलेस नसतं. बिट तसेच्या तसे हवे असतील तर तार लावा. अनेक ड्रायव्हरचे, म्हणजे आत एकाहून जास्त छोटे स्पीकर असलेले, इअरफोन असतील तर प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे विद्युत रोध, हाही पाहा. तो इअरफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, म्हणजे १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमच्या आत. जास्त असेल तर खर्ज आणि वरचे स्वर यांचा तोल बदलतो. फाइल बदलून तो दुरुस्त होत नाही.

वाजलं नाही तर

आधी ठरवा, फाइल मोडली आहे की प्लेअर अडला आहे. प्रत्येक फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला मूळ, न आवळलेल्या आवाजाचा एमडीफाइव्ह चेकसम लिहिता येतो आणि तो बहुधा असतोच. फ्लॅकच्या अधिकृत प्रोग्रामचा टेस्ट पर्याय फाइल पूर्ण उलगडून हा आकडा जुळतो का ते पाहतो. फूबार२००० मध्येही अशी तपासणी होते. जुळला नाही तर फाइल बिघडलेली आहे, मूळ प्रतीवरून पुन्हा आणा. प्रत्येक तुकड्यालाही स्वतःचा चेकसम असतो, त्यामुळे एखादाच बिघडला तर गाणं चालू राहतं आणि ४,०९६ सॅम्पलांपुरता, म्हणजे सेकंदाच्या अकराव्या भागाएवढा खंड किंवा टक असा आवाज येतो. दर वेळी त्याच जागी टक येत असेल तर फाइलमध्ये दोष, जागा बदलत असेल तर कार्ड किंवा त्याचा सॉकेट.

तपासणीत फाइल शाबूत निघाली आणि प्लेअर तरीही नाकारत असेल तर क्रमाने जा: बिट डेप्थ आणि सॅम्पलिंग रेट मर्यादेत आहेत का, फाइल दोनच चॅनेलची आहे का, डोक्यावर आयडीथ्री आहे का, चित्र अवाढव्य आहे का. तरीही सुटलं नाही तर फाइल स्तर ५ वर पुन्हा एन्कोड करा. विचित्र सेटिंगने बनवलेल्या फाइल त्याने सरळ होतात आणि आवाज तोच राहतो.

ही तपासणी कार्डावरच्या प्रतीची करायची, आणि त्यात एक चकवा आहे. नुकत्याच कॉपी केलेल्या फाइल संगणक मेमरीतूनच वाचून दाखवू शकतो. त्यामुळे कार्डावर चुकीचं लिहिलं गेलं असलं तरी सगळं बरोबर दिसतं. कॉपी संपली की कार्ड 'इजेक्ट' करून बाहेर काढा, पुन्हा घाला आणि मग टेस्ट चालवा.